बोलका डबा का अडखळला?



मागच्या महिन्यात आमच्या एका बचत गटाच्या बैठकीत व्याजाच्या दरावरून बोलाचाली झाली. दर कोणी बदलला नव्हता. रजिस्टरही चोख होतं. बोलाचाली झाली ती एका डब्यामुळे. आज त्या डब्याची गोष्ट सांगते, आणि त्या निमित्ताने कार्डात साठवलेला आवाज आपल्या कानापर्यंत येतो तरी कसा, तेही बघू. मी बीए झालेली बाई, इलेक्ट्रॉनिक्स काही शिकलेली नाही. पण मला समजलं, म्हणजे तुम्हालाही समजेल.

आमच्या या गटात निम्म्याजणींना वाचता येत नाही. दर बैठकीत मागचा ठराव, कर्जाच्या अटी, परतफेडीचे नियम वाचून दाखवावे लागतात. सचिवताई गावाला गेल्या की वाचायचं कोणी, हा प्रश्न. मग ठरलं की त्यांच्याच आवाजात सगळं रेकॉर्ड करून ठेवायचं आणि एका छोट्या डब्यातून ऐकवायचं. मोबाइल नको, इंटरनेट नको. तीन बटणं: पुढे, मागे आणि पुन्हा. माझी भाची डिप्लोमाला आहे, तिने हौसेने डबा करून दिला.

पहिल्याच बैठकीत डबा लावला. सचिवताईंचा आवाज सुरू झाला, सगळ्याजणी खूश. पण आवाज मध्ये मध्ये अडखळत होता. ‘महिना दीड टक्का व्याज’ हे वाक्य आलं आणि डबा म्हणाला, ‘दी-दीड’. कोपऱ्यातल्या आजी म्हणाल्या, “अडीच म्हणाला का गं?” दुसरी म्हणाली, “अडखळायचं तर नेमकं व्याजापाशीच कसं अडखळतंय?” सगळ्या हसल्या, पण मला हसू आलं नाही. गट पैशावर चालतो असं आपण म्हणतो, पण खरं तर तो विश्वासावर चालतो. मी रजिस्टर उघडून दर मोठ्याने वाचला, दोघींना ओळीवर बोट ठेवून बघायला लावलं, तेव्हा विषय मिटला.

घरी आल्यावर भाची रडवेली झाली होती. मी तिला म्हटलं, “दुरुस्त तर करच, पण आधी मला समजावून सांग. मी पुढच्या बैठकीत गटाला काय सांगू?” मग दोन रात्री ती मला समजावत होती. तेच आता तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट, आवाज साठवायचा म्हणजे काय करायचं? आवाज म्हणजे हवेची थरथर. ती थरथर क्षणाक्षणाला मोजायची आणि आकडे लिहून ठेवायचे. गाण्याच्या सीडीमध्ये एका सेकंदात ४४,१०० वेळा मोजणी होते, आणि ती डाव्या-उजव्या अशा दोन्ही बाजूंसाठी वेगवेगळी. या प्रत्येक मोजणीला नमुना म्हणतात. एक नमुना दोन बाइटचा. म्हणजे एका सेकंदाला १,७६,४०० बाइट झाले. तासाभराचा आवाज असा साठवला तर सुमारे ६३५ एमबी जागा जाते.

एवढं सगळं साठवायची गरज नाही, हे ओळखून काही शास्त्रज्ञांनी आवाज आटवायची रीत काढली. तिलाच आपण एमपीथ्री म्हणतो. यातलं मोठं काम जर्मनीतल्या एर्लांगेन शहरात, फ्राउनहोफर संस्थेत झालं. कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग हे त्यातलं महत्त्वाचं नाव. फाइलच्या नावामागे ‘एमपीथ्री’ लावायचं हे १४ जुलै १९९५ रोजी ठरलं. आपल्याला आवडेल अशी एक गोष्ट सांगते. ही रीत तपासताना त्यांनी सुझान व्हेगा या अमेरिकन गायिकेचं ‘टॉम्स डायनर’ हे गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं. त्यात वाद्य नाही, फक्त एका बाईचा मोकळा आवाज आहे. ढोल-ताशात चुका लपतात, एकट्या आवाजात लपत नाहीत. सुरुवातीला तो आवाज फार खराब यायचा. तो नीट येईपर्यंत त्यांनी रीत सुधारली. आमच्या डब्यातही एकट्या बाईचाच आवाज होता. म्हणूनच त्यातली अडखळ सगळ्यांच्या कानाला लगेच लागली.

आता आटवायचं कसं? पिठाची गिरणी चालू असताना शेजारी कुणी हळू बोललं तर ऐकू येत नाही. आपल्या कानाचं असंच आहे. एका सुराचा मोठा आवाज असला की त्याच्या जवळच्या सुराचा बारीक आवाज कानाला कळतच नाही. जे कळणारच नाही त्यासाठी जागा कशाला घालवायची? म्हणून एमपीथ्री बनवताना आवाजाचे बारीक-जाड सूर वेगळे करतात आणि जे झाकलं जाणार आहे ते ढोबळ लिहितात किंवा गाळतात.

पुढची युक्ती आपल्या सचिवताईंनाही माहीत आहे. रजिस्टरमध्ये ‘बचत’ हा शब्द प्रत्येक ओळीत येतो, म्हणून त्या नुसतं ‘ब.’ लिहितात. क्वचित येणारा शब्द मात्र पूर्ण लिहितात. वारंवार येणाऱ्याला छोटी खूण, क्वचित येणाऱ्याला मोठी. संगणकासाठी अशा खुणा ठरवायची पद्धत डेव्हिड हफमन या अमेरिकन विद्यार्थ्याने काढली आणि ती १९५२ साली प्रसिद्ध झाली. एमपीथ्रीमध्ये तीच वापरतात.

या दोन्ही युक्त्यांनी सेकंदाचे १,७६,४०० बाइट १६,००० वर येतात. अकरापट बचत! आपल्याला तर गाणं नाही, बोलणं साठवायचं आहे. डावी-उजवी बाजू नको, एकच पुरे. मग सेकंदाला ८,००० बाइटमध्ये भागतं, आणि तासाभराचं बोलणं २९ एमबीच्या आत बसतं.

पण मैत्रिणींनो, वाळवण डब्यात भरून ठेवलं म्हणजे जेवण झालं का? ते भिजवावं लागतं, शिजवावं लागतं. तसंच एमपीथ्री जशीच्या तशी स्पीकरला देता येत नाही. तिच्यातून पुन्हा सेकंदाला ४४,१०० आकडे तयार करावे लागतात, तेही आवाज चालू असताना, वेळेवर. या कामाला डिकोडिंग म्हणतात. आपण त्याला उलगडणं म्हणू.

हे काम दोन प्रकारे होतं. एक, फक्त उलगडण्यासाठीच बनवलेली तयार चिप आणायची. कार्ड घातलं, बटण दाबलं, वाजलं. ज्यांना नुसतं वाजवायचं आहे त्यांनी तीच घ्यावी, स्वस्त आणि सोपी असते. दुसरा प्रकार म्हणजे साध्या, सगळी कामं करणाऱ्या चिपला प्रोग्रॅम लिहून हे काम शिकवायचं. भाचीने दुसरा प्रकार निवडला, कारण तिला ‘पुन्हा’ बटणावर मागचं वाक्य परत आणायचं होतं, आणि उद्या दुसरं काही करायचं झालं तर हात मोकळा हवा होता.

तिने घेतलेल्या चिपचं नाव ईएसपी३२. चीनमधल्या एस्प्रेसिफ कंपनीने ती २०१६ साली बाजारात आणली. हौशी मुलं घरच्या प्रयोगांसाठी ती खूप वापरतात. अशा छोट्या चिपला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. आपल्या वॉशिंग मशीनमध्ये, गॅसच्या लायटरएवढ्या खेळण्यांमध्येसुद्धा त्यांची भावंडं असतात. ईएसपी३२ चे ठोके सेकंदाला २४ कोटींपर्यंत पडतात. एका ठोक्याला एखादं बारीक काम, असं समजा. मेमरी ५२० केबी. आपल्या मोबाइलपुढे ही मेमरी काहीच नाही.

एवढ्याशा चिपला हे काम जमतं कसं? एमपीथ्री फाइल सलग नसते, ती छोट्या तुकड्यांची असते. एका तुकड्याला फ्रेम म्हणतात. एका फ्रेममध्ये १,१५२ नमुन्यांचा आवाज असतो, म्हणजे सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातल्या २६ भागांइतका. या हजाराव्या भागाला मिलिसेकंद म्हणतात. चिपने एक फ्रेम उलगडायची, ती २६ मिलिसेकंद वाजते, तोवर पुढची तयार ठेवायची. पोळ्या लाटणारीने तव्यावरची पोळी उतरायच्या आत दुसरी लाटलेली ठेवायची, तसं. २४ कोटी ठोक्यांच्या चिपला एका फ्रेमसाठी ६२ लाख ठोके मिळतात. तेवढ्यात काम उरकून तिला मोकळा वेळही उरतो.

एका फ्रेमचं काम असं चालतं. आधी फ्रेमची सुरुवात शोधायची. तिथे ओळीने अकरा ‘एक’ लिहिलेले असतात, ती खूण. मग हफमनच्या खुणा वाचून आकडे काढायचे. ते ढोबळ लिहिलेले असतात, त्यांना मूळ मापावर आणायचं. मग वेगवेगळे केलेले सूर पुन्हा एकत्र गुंफून नमुने तयार करायचे. सगळ्यात जास्त गुणाकार या शेवटच्या कामात लागतात.

या गुणाकारांत दशांश अपूर्णांक येतात, आणि छोट्या चिपना ते जड जातात. त्यावरची युक्ती ऐकून मला फार बरं वाटलं, कारण ती आपलीच आहे. १२ रुपये ७५ पैसे लिहिताना दशांश नको असेल तर आपण काय करू? १,२७५ पैसे लिहू. पूर्ण आकडा, चूक व्हायला जागा कमी. रिअलनेटवर्क्स या अमेरिकन कंपनीचा हेलिक्स नावाचा प्रोग्रॅम सगळं गणित असंच पूर्ण आकड्यांत करतो. कंपनीने तो खुला केला, म्हणून आज जगभरातली हौशी मुलं तो वापरतात. २०२१ साली आलेल्या रास्पबेरी पाय पिको या इंग्लंडच्या बोर्डावरच्या चिपमध्ये दशांशाचं गणित करणारा वेगळा भागच नाही, तरी या युक्तीमुळे तीही एमपीथ्री वाजवते. शिवाय एमपीथ्रीच्या पेटंटचे परवाने देणंच २०१७ साली बंद झालं, त्यामुळे आता त्यासाठी कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत.

प्रत्येक बोर्डाला मात्र हे जमत नाही. शाळांमध्ये मुलं आर्डुइनो उनो नावाचा बोर्ड वापरतात. त्याची काम करायची मेमरी फक्त २,०४८ बाइट. दोन बाजूंची एक फ्रेम उलगडली की तिचेच ४,६०८ बाइट होतात. परातीत न मावणारं पीठ मळायला घेतल्यासारखं आहे ते. म्हणून कुणी म्हणालं की कुठलाही बोर्ड चालेल, तर आधी त्याची मेमरी विचारा.

आता आपल्या डब्याकडे वळू. चिप चांगली, प्रोग्रॅम चांगला, मग अडखळला का?

उलगडलेले नमुने थेट स्पीकरला जात नाहीत. ते आधी एका साठ्यात जातात, त्याला बफर म्हणतात. नळाला पाणी मधेच थांबलं तरी घरात भरलेला हंडा असतो ना, तसा हा हंडा. चिपमधला एक वेगळा भाग या हंड्यातून नमुने घेऊन ठरलेल्या गतीने बाहेर सोडत राहतो. भाचीने हंडा ठेवला होता १,०२४ नमुन्यांचा. सेकंदाला ४४,१०० नमुने खर्च होतात, म्हणजे तो भरलेला हंडा २३ मिलिसेकंदांत रिकामा होणार.

आणि डब्याला शोभा म्हणून तिने एक इवलासा पडदा लावला होता. त्यावर किती सेकंद झाले ते दिसायचं. दर सेकंदाला आकडा बदलायचा, म्हणून दर सेकंदाला चिप पूर्ण पडदा नव्याने रंगवायची. पडद्यावर आडवे १२८ आणि उभे ६४ ठिपके. म्हणजे १,०२४ बाइट पाठवायचे. प्रत्येक बाइटमागे पोच धरून नऊ बिट, असे ९,२१६ बिट झाले. आणि पडद्याची तार सेकंदाला एक लाख बिटच नेत होती. भागाकार करा: ९२ मिलिसेकंद!

कळलं ना? पडदा रंगवायला ९२ मिलिसेकंद, आणि हंड्यात पाणी २३ मिलिसेकंदांचं. तेवढा वेळ चिप पडद्याशी अडकलेली, फ्रेम उलगडायला कुणी नाही. उरलेले जवळजवळ ७० मिलिसेकंद स्पीकरकडे जायला नवीन काहीच नसायचं, मग हंड्यातलं जुनंच पुन्हा वाजायचं. म्हणून ‘दी-दीड’. डबा फक्त व्याजापाशी अडखळत नव्हता, दर सेकंदाला अडखळत होता. पण बाकीच्या वाक्यांकडे आमचं एवढं लक्ष नव्हतं. पैशाचा शब्द आला की सगळ्यांचे कान टवकारतात.

दुरुस्ती सोपी निघाली. सेकंदांचा आकडा काढून टाकला, पडदा आता फक्त बटण दाबल्यावर बदलतो. पडद्याच्या तारेचा वेग चौपट केला, त्यामुळे रंगवायला सुमारे २३ मिलिसेकंदच लागतात. आणि हंडा चौपट केला, ४,०९६ नमुन्यांचा. तो ९३ मिलिसेकंद पुरतो. त्यासाठी मेमरी गेली सोळा हजार बाइटच्या थोडी वर, चिपला ती सहज परवडते. खर्च एक रुपयाही झाला नाही. मग मी अर्धा तास मांडीवर रजिस्टर घेऊन बसले आणि डबा सांगेल तो प्रत्येक आकडा ताडून पाहिला. भाची मुद्दाम मध्ये मध्ये बटणं दाबत होती. एकदाही अडखळला नाही.

तुमच्या गटात, शाळेत किंवा घरी कुणी असा डबा केला आणि तो अडखळला, तर आधी फक्त कान देऊन ऐका. ठरावीक तालात, दर सेकंदाला अडखळत असेल, तर चिप दुसऱ्या कुठल्यातरी कामात अडकते आहे. कधीही, कसाही अडखळत असेल, तर मेमरी कार्ड बदलून बघा, कारण कार्डही वाचताना मधेच थबकतं. एकच फाइल बिघडलेली वाजत असेल आणि बाकीच्या नीट, तर दोष त्या फाइलमध्ये आहे, ती नव्याने तयार करा. आणि आवाज वाढवला की फाटत असेल तर स्पीकर आणि वीजपुरवठा तपासा. मुलांवर ओरडण्याआधी एवढं त्यांना सांगितलं तर त्यांचं निम्मं काम होतं.

पुढच्या बैठकीत मी आधी हे सगळं गटाला सांगितलं, अगदी हंड्यासकट. मग डबा लावला. वाक्य आलं, ‘महिना दीड टक्का व्याज’. आजींनी हात पुढे केला आणि स्वतः ‘पुन्हा’चं बटण दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग मागे टेकून म्हणाल्या, “दीडच आहे.”

त्या दिवशी आम्ही एक ठरावही केला. डबा बोलत असताना शेजारी रजिस्टर उघडं ठेवायचं. आवाज ऐकण्यासाठी आहे, सही मात्र कागदावरच होते. यंत्र कितीही चांगलं असलं तरी ते कुठे अडतं हे आपल्यापैकी एकीला तरी माहीत हवं. नाहीतर अडखळतं यंत्र आणि संशय येतो माणसावर.

डबा आता प्रत्येक बैठकीला फिरतो आहे. भाचीला गटाने साडीचोळी दिली. ती म्हणाली, साडी नको, नवीन मेमरी कार्ड द्या. आम्ही दोन्ही दिलं.